बावीस वर्षं गाडी चालवून इंग्लंडच्या ड्रायव्हिंग टेस्टला नापास. गणपतीत इथं गाडी चालवू की नको?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या टिळकवाडीचा. उद्यमबागेत मशीन शॉपला होतो, कामासाठी कॉव्हेंट्रीला जाऊन दीड वर्ष झालं. गाडी 2002 पासून चालवतोय. चोर्ला घाटातून गोव्याला किती वेळा गेलो याची गणती नाही, भर पावसात रात्रीसुद्धा. गाडीला कधी ओरखडा नाही.

आपल्या लायसन्सवर तिथं राहायला गेल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. ते वर्ष मी ऐटीत घालवलं. वर्ष संपलं आणि शिकाऊ झालो. गाडीला पुढं-मागं लाल ‘एल’, आणि शेजारी तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस हवाच. तो माणूस म्हणजे माझा भाचा. ज्याला मी वॅक्सिन डेपोच्या रस्त्यावर मारुती 800 चं स्टिअरिंग धरायला शिकवलं, तो आता मला “मामा, आरसा” म्हणतोय.

थिअरी सुटली. 50 पैकी 47, पासाला 43 लागतात. धोका ओळखायच्या व्हिडिओंत मात्र काठावर, 75 पैकी 46, पास 44 ला. धोका दिसत नाही असं नाही हो. उभ्या गाडीमागून पोरगं पळत येणार हे मला इतकं आधी कळायचं की तेव्हाच माऊस दाबायचो. वेळेआधी दाबलं की मार्क शून्य!

प्रॅक्टिकल चाळीसेक मिनिटांचं. परीक्षक बाई, शांत. किरकोळ चुका 11 झाल्या, त्यांतल्या पाच आरशाच्या. 15 पर्यंत चालतात. पण गंभीर एक झाली की खेळ खलास, आणि ती झाली राउंडअबाउटवर. उजवीकडून गाडी येत होती. मला वाटलं, बसतंय. नाक घातलं. चन्नम्मा सर्कलला नाक घातल्याशिवाय वाट कोण देतं सांगा? त्या गाडीला ब्रेक मारावा लागला. हॉर्नसुद्धा दिला नाही बिचाऱ्यानं. बाईंनी टॅबलेटवर काहीतरी टोचलं. पुढची पंचवीस मिनिटं मी उगाच छान चालवली.

62 पाउंड गेले. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे, आणि सध्या तीन आठवडे मी बेळगावात. आता प्रश्न. इथं गाडी चालवली तर तिकडची लागलेली थोडीफार सवय मोडेल काय? की किल्ली सरळ मेहुण्याकडं देऊ?

निपाणीकर_लेस्टर:
किल्ली देऊन टाका. मी तिसऱ्या खेपेला पास झालो, म्हणून सांगतोय.

माझं दुसऱ्यांदा न्यूट्रलवर गेलं. आमचे वडील निपाणीहून तंबाखूचा ट्रक चालवायचे. तवंदी घाटाचा उतार लागला की न्यूट्रल, डिझेल वाचवायला. तेच माझ्या हातापायांत उतरलं. परीक्षेत उतार दिसला की डावा पाय आपोआप क्लचवर आणि गिअर बाहेर. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एकदा केलं असतं तर किरकोळात गेलं असतं, मी दर उताराला केलं. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “त्यांना काय माहिती डिझेलचा भाव?”

आणि आरसा नुसते डोळे फिरवून बघू नका. मान जरा हलू दे. तुम्ही बघितलंय हे त्या बाईंना दिसायला नको?

शहापूरची_सून:
दादा, मी सरळ ऑटोमॅटिकवर दिली परीक्षा. पण मग लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, हे लक्षात ठेवा. भाच्याची गाडी गिअरची असेल तर काही उपयोग नाही.

माझा घोळ दिव्यावरून झाला. आपल्याकडं समोरच्यानं दिवा मारला की ‘थांब, मी येतोय’. तिथं लोक मारतात ते ‘या तुम्ही’ म्हणून. आणि नियमाच्या पुस्तकात म्हणे त्याचा अर्थ फक्त ‘मी इथं आहे’ एवढाच! अरुंद गल्लीत समोरचा दिवा मारतोय, मी थांबलेली, तो थांबलेला. सरांनी शेवटी शिकवलं, दिव्यावर जायचं नाही, वाट खरंच मोकळी आहे का ते स्वतः बघून जायचं.

कॅम्पातला_ड्रायव्हर:
काय करूलालास मर्दा, बेळगावात येऊन आरसा? टिळकवाडीच्या रेल्वे गेटला जाऊन थांब. गेट पडलं की अख्खा रस्ता दोन्हीकडून भरतो, आणि उघडल्यावर समोरासमोर. तिथनं त्या बाईंना गाडी काढून दाखवायला सांग, मग आपण त्यांना मार्क देऊ.

उद्यमबागवाला:
@कॅम्पातला_ड्रायव्हर, त्यांना बोलवायला पाहिजे खरं 😄

काल एक प्रयोग केला. खडेबाजाराच्या तोंडाला एक आजी रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, म्हणून तिकडच्यासारखी गाडी थांबवली. मागं चार हॉर्न. आजी माझ्याकडं बघतात, मी आजींकडं. शेवटी त्यांनीच हात केला, “जावा की, काय बघूलालाय?”

आजपासून किल्ली मेहुण्याकडं. मी शेजारी बसतो. उद्या चोर्ल्यातून गोव्याला निघालोय, आणि आणखी एकदा “आरसा” म्हणालो तर जांबोटीला उतरवतो म्हणालाय.