फुफ्फुसाची सोनोग्राफी: एकाच पेशंटचा स्कोअर दोघांचा वेगळा येतोय, मदत हवी आहे

नमस्कार. मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर. व्हायरल न्यूमोनियाच्या पेशंटची फुफ्फुसं आम्ही खाटेपाशीच सोनोग्राफीने बघतो. ऑक्सिजनवरच्या माणसाला सीटीसाठी हलवायचं म्हणजे जिवावर येतं, त्यामुळे ही मोठी सोय.

पद्धत नेहमीचीच. दोन्ही बाजूंचे मिळून १२ भाग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३६. ए-लाइन (प्लुराला, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला, समांतर आडव्या रेघा) आणि फार तर दोन बी-लाइन (प्लुरापासून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा) असल्या तर ०, तीन किंवा जास्त सुट्या बी-लाइनना १, त्या एकमेकींत मिसळल्या की २, आणि फुफ्फुस यकृतासारखं घट्ट दिसलं तर ३.

घोळ होतो तो १ आणि २ मध्ये. परवा एकाच पेशंटला मी १३ दिले, सहकारी डॉक्टरने १९. पाठीच्या खालच्या भागात दोन बरगड्यांमधून पांढरा पट्टा स्क्रीनच्या तळापर्यंत उतरतो, श्वासाबरोबर सरकतो. मला त्यात सुट्या रेघा दिसतात, तिला सगळं एकजीव. मशीनमध्ये फुफ्फुसाचा प्रीसेट (तयार सेटिंग) नाही. मी पोटाचा वापरतो, ती हृदयाचा. त्याने एवढा फरक पडेल?

आणखी एक. काहींचा ऑक्सिजन सुटला तरी बी-लाइन जशाच्या तशा. मग डिस्चार्जच्या वेळी स्कोअरला किती किंमत द्यायची?

प्रतिसाद १
पडेल की! आधी हार्मोनिक आणि कंपाउंड इमेजिंग बंद करा. चित्रातला कचरा साफ करायलाच ते असतं, आणि फुफ्फुसात आपण नेमका तो कचराच, म्हणजे या रेघा, वाचतो. फोकस प्लुराच्या रेघेवर आणा, प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) तिला काटकोनात धरा. दोघांनी सेटिंग एकच ठेवा. रेघा मोजत बसू नका. दोन बरगड्यांच्या फटीतली प्लुराची रेघ बी-लाइननी किती व्यापली ते बघा. निम्म्यापर्यंत १, त्यापुढे २. शिवाय फोटो नको, पूर्ण श्वासाची क्लिप साठवा आणि एकमेकांचा आकडा न बघता गुण द्या.

प्रतिसाद २
डिस्चार्ज स्कोअरवर ठरवू नका. चित्र पेशंटच्या मागून सुधारतं. श्वासाची गती, चालवल्यावरचं सॅच्युरेशन यांना जास्त वजन द्या. हृदय कमजोर असेल तर आकड्याआधी प्लुरा बघा. ती गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारख्याच बी-लाइन, तर हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साठल्याचा संशय आधी. खडबडीत प्लुरा, तिच्याखाली छोटे काळे ठिपके, मध्येच चांगला भाग, तर संसर्गाकडे झुकतं. जुन्या फायब्रोसिसमध्येही (फुफ्फुस व्रणांनी कडक होणं) असंच दिसतं, म्हणून आधीचा एक्स-रे मागवा. व्हायरस कोणता ते यातून कळत नाही. प्लुरापर्यंत न पोचलेली जखमही दिसत नाही, त्यामुळे स्कोअर ० म्हणजे फुफ्फुस साफ असं लिहून देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता
हार्मोनिक चालूच होतं! उद्या बंद करून दोघं परत बघतो. पेशंट कुशीवरही वळू शकत नसेल तर पाठीचे भाग कसे घ्यायचे?

प्रतिसाद १
खांदा थोडा उचलून प्रोब गादीच्या बाजूने जमेल तितका मागे सरकवा. तरीही नाही दिसलं तर त्या भागाला ० देऊ नका, 'बघता आला नाही' असं लिहा. एकूण बेरीजही मग ३६ पैकी धरू नका.