नर्स अमेरिकी काँग्रेसमध्ये गेली, वॉर्डाला काय मिळालं?

निशिगंध: एडी बर्निस जॉन्सन यांच्याबद्दल इथं कुणीतरी लिहिलंय, "नर्स राजकारणात गेली की वॉर्डातली एक जागा रिकामी होते, बाकी काही होत नाही." हे वाचून गप्प बसवेना. टेक्सासात कृष्णवर्णीय मुलीला मान्यताप्राप्त नर्सिंग कॉलेजात प्रवेश नव्हता, म्हणून त्या इंडियानात शिकल्या. डलासच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोरुग्ण विभागाच्या मुख्य नर्स झाल्या. १९७२ मध्ये टेक्सासचं प्रतिनिधीगृह, १९८६ मध्ये तिथलं सिनेट, १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेस, म्हणजे देशाची संसद. तिथं निवडून गेलेल्या पहिल्या नोंदणीकृत नर्स. तीस वर्षं टिकल्या, आणि म्हणे काही होत नाही!

खडीसाखर: ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. शेवटची चार वर्षं त्या काँग्रेसमधल्या विज्ञान समितीच्या अध्यक्ष होत्या. अंतराळ, संशोधन, संगणकाच्या चिप. एका नर्सकडे किती पेशंट, याचा देशभराचा कायदा झाला? नाही. मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांत 'पुरेशा' नर्स असाव्यात, एवढंच केंद्राचा नियम सांगतो. पुरेशा म्हणजे किती, ते मॅनेजमेंट ठरवतं. कॅलिफोर्निया राज्यानं १९९९ मध्ये आकड्यांचा कायदा केला, २००४ पासून लागू झाला. आयसीयूत एका नर्सला दोन पेशंट, जनरल वॉर्डात आधी सहा, वर्षभरानं पाच.

तिसरी पाळी: एकास पाच म्हटलं की झालं? खरी मारामारी ब्रेकची. प्रमाण पाळीभर, प्रत्येक क्षणी पाळायचं असतं. एक जेवायला गेली आणि तिचे पाच शेजारणीकडे दिले, की शेजारणीकडे दहा. तीस खाटांना सहा नर्सेस. आठ तासांत प्रत्येकीला अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक, म्हणजे पाळीला पाच तासांची बदली लागते. ती धरलीच जात नाही. चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख, स्वतः पेशंट बघत नसेल तर तिलाही मोजता येत नाही.

खडीसाखर: विषय नर्सच्या राजकारणाचा आहे, ड्युटी चार्टचा नाही.

तिसरी पाळी: ड्युटी चार्ट हाच विषय आहे! पाचातले दोन घरी गेले, दोन नवे आले, की एका पाळीत सात पेशंटची कागदपत्रं. त्यात एकाला रक्त चढवायचं असलं तर पहिली पंधरा मिनिटं खाटेपासून हलता येत नाही. हे कळणारं माणूस कायदा लिहिताना नको?

खडीसाखर: कॅलिफोर्नियाचं विधेयक शीला क्यूल यांनी मांडलं. त्या वकील. मागे नर्सेसची संघटना होती. नर्स आमदार लागली नाही.

निशिगंध: बरं, हे खरंय. पण ते एका राज्यापुरतं. नर्सिंगचा खर्च बिलात खोलीभाड्यात विरघळलेला असतो, म्हणून मॅनेजमेंटला नर्स म्हणजे नुसता खर्च दिसते. मेडिकेअरनं तो वेगळा मोजायचा ठरवला तर चित्र पालटेल. ते वॉशिंग्टनमध्येच होणार.

खडीसाखर: मग नर्स विज्ञान समितीत नको, मेडिकेअरचे पैसे ठरवणाऱ्या वेज अँड मीन्स समितीत हवी. तेवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही.