चर्चच्या छोट्या शाळेने फलकावर येशूचं नाव लिहावं का?

मेकोसाबागकर (धागाकर्ता)

उत्तर नागपुरात, मेकोसाबाग-जरीपटका-इंदोरा पट्ट्यात, चर्चने चालवलेली एक लहानशी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, मराठी माध्यम, अलीकडे सेमी, अनुदानित. नाव देत नाही, कारण हा प्रश्न अशा अनेक शाळांपुढे आहे. मी तिथे पालक प्रतिनिधी आहे, स्वतः ख्रिस्ती आहे.

जूनअखेर आपल्याकडे शाळा उघडतील, त्याआधी शाळेला आपलं ध्येय नव्याने लिहायचं आहे. तेच फाटकाजवळच्या फलकावर आणि माहितीपत्रकावर जाईल. पालकसभेत दोन मसुदे आले. पहिला, "प्रभू येशूच्या शिकवणुकीप्रमाणे प्रत्येक लेकराला प्रेमाने आणि सन्मानाने वाढवणे." दुसरा, "मूल्याधिष्ठित व गुणवत्तापूर्ण शिक्षणातून सर्वांगीण विकास." कशाला उगाच विषय वाढवायचा, म्हणून बहुतेकांचा कल दुसऱ्याकडे.

मी पहिल्याच्या बाजूने आहे. दुसरं वाक्य शहरातल्या कोणत्याही शाळेच्या, कोचिंग क्लासच्या पाटीवर चालेल. त्यात कोणी कोणाला काही कबूल केलेलं नाही. पहिल्या वाक्यात कबुली आहे. उद्या वाचता येत नाही म्हणून एखाद्या पोराला मागच्या बाकावर टाकून दिलं, फी थकली म्हणून बाहेर उभं केलं, तर कोणताही पालक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्या फलकाकडे बोट दाखवून विचारू शकतो: लहान लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या म्हणणाऱ्याचं नाव वर लिहिलंय, मग हे काय चाललंय?

आणि नागपुरात हे नवं नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. आपण मिशनरी आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही. लोकांनी पोरं पाठवली, विरोधही केला, पण समोर काय आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. हाच माणूस इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासत फिरायचा. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून गेला. धर्म उघड ठेवूनही ज्ञानाची आस असू शकते, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्या शहरात मला दिसत नाही.

विरोधी मतं हवी आहेत. शनिवारी पुन्हा सभा आहे.

इंदोऱ्याचा_बाप

विरोध करतो. माझा मुलगा अशाच एका शाळेत दुसरीत आहे. आम्ही बौद्ध. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या बैठकीत फ्रेम करून लावल्या आहेत. ज्या घराने ईश्वराची कल्पना विचार करून, जाहीरपणे सोडली, त्या घरातलं लेकरू रोज सकाळी डोळे मिटून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणतं. मला कोणी विचारलं? प्रवेशाच्या अर्जात आईचं शिक्षण विचारलं, रक्तगट विचारला. हे नाही विचारलं.

संविधानाचं अनुच्छेद २८(३) वाचा. सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेत कोणावरही धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलासाठी पालकाची संमती लागते. तुम्ही फलकाची चर्चा करताय, मी परिपाठाची करतोय. तुम्हाला हिशेब मागण्यासाठी येशूचं नाव लागतं, मला संविधान पुरतं.

निवृत्त_बाई

मी तीस-एक वर्षं मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. मी हिंदू, आमच्या मुख्याध्यापिका ख्रिस्ती.

पहिलीच्या वर्गात कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार-पाच धुतलेल्या चड्ड्या आणि एक जुना टॉवेल कायम घडी करून ठेवलेला असे. नवीन आलेलं लेकरू भीतीने ओलं करतं, पहिलीच्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. आमच्याकडे नियम असा होता की वर्गात कोणी हसायच्या आत बाईंनी त्याला उचलून नळावर न्यायचं, स्वतः धुवायचं, चड्डी बदलायची, घरी काहीही सांगायचं नाही. शिपाईबाईंना हाक मारायची नाही. मुख्याध्यापिकाबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "येशूने शिष्यांचे पाय स्वतः धुतले, दुसऱ्याला सांगितले नाहीत." मला बाप्तिस्मा घे असं कोणी कधी म्हटलं नाही. पण हा नियम कुठून आला हे मला ठाऊक होतं, म्हणून तो टिकला. कंटाळा आला त्या दिवशीही टिकला.

इंदोऱ्याचा_बाप

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तीही हेच करायची, आणि तिच्या कपाटावर कोणाचा फोटो नव्हता. मग यात ख्रिस्ती काय उरलं? चांगली बाई चांगलीच असते. श्रेय बाईंचं आहे, ते चर्चच्या खात्यावर जमा करू नका.

तर्री_पोहा

भाऊ, तुम्ही फलकावरच अडकले. माही पोरगी अशाच शाळेत तिसरीत हाय. मले फलकाशी घेणंदेणं नाही. बाई पोरीले नावानं हाक मारते, मारत नाही, न् घरून डबा नाही आला तर आपल्यातली अर्धी पोळी देते. बस. पण एक सांगतो, सकाळच्या प्रार्थनेत पोरगी गप्प राहिली तर बाकीचे पोरं तिले विचारते, "तू काहून नाही म्हणत?" थे मले आवडत नाही.

कायद्याचं_बोला

दोन्ही बाजूंनी थोडं अर्धवट बोललं जातंय.

अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. त्यामुळे येशूचं नाव फलकावर लिहिणं पूर्ण वैध. २८(३) नुसार संमतीशिवाय मुलाला उपासनेत उभं करणं अवैध. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. ती मुलं ख्रिस्ती पंथातली होती. गप्प उभं राहायचा जो हक्क त्या मुलांना मिळाला, तो आज ख्रिस्ती शाळेतल्या बौद्ध मुलालाही आहेच.

धरमपेठ_पालक

मला या सगळ्या मूल्यांवरच विश्वास नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानितसुद्धा, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, बाहेर गेल्या. गरिबांसाठीचा २५ टक्के कोटा यांना लागू नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं अल्पसंख्याक समाजाबाहेरची निघाली, आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरून वंचित घटकांतली मुलं ९ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे मुलं सगळ्यांची, पण सूट अल्पसंख्याक म्हणून, आणि गरीब दाराबाहेर. मोठ्या कॉन्व्हेंटच्या रांगेत मी स्वतः उभा राहिलोय. तिथे येशूचं नाव भिंतीवर होतं, आणि खिडकीवर डोनेशनचा आकडा सांगितला जात होता.

मेकोसाबागकर

धरमपेठ_पालक, तुमचा राग मला पटतो, आणि माझा मुद्दा नेमका तिथूनच सुरू होतो. आरटीईचा दट्ट्या या शाळांवर नाही. कायद्याने गरिबाला घ्यायला लावता येत नाही, तर लावणार कशाने? त्यांच्याच तोंडच्या शब्दाने. "गुणवत्तापूर्ण शिक्षण" लिहिलेल्या शाळेला गरिबाला नाकारताना काहीच अडचण नाही. येशूचं नाव लिहिणाऱ्या शाळेला आहे. ती निर्लज्ज झाली तरी निदान चारचौघांत तिला विचारता येतं, चर्चमध्ये रविवारी विचारता येतं. मी विचारलंय.

आणि एक गोष्ट मोठ्या कॉन्व्हेंटच्या चर्चेत हरवते. आमच्या वस्तीतली बरीच ख्रिस्ती कुटुंबं मूळची दलित आहेत. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा त्यांना नाही. शिखांना १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये, यांना आजही नाही. म्हणजे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, सवलत नाही. त्यांच्या पोरांसाठी ही चार वर्गखोल्यांची मराठी शाळा हाच आधार आहे. तिने आपली ओळख पुसून गुळगुळीत वाक्य लावलं, तर पुढच्या दहा वर्षांत ती इंग्रजी माध्यम करून फी वाढवेल, आणि अडवायला कोणाकडे शब्दही नसेल.

इंदोऱ्याचे दादा, तुमच्या आईंच्या बाबतीत माझं काहीही म्हणणं नाही. पण चांगली बाई निवृत्त होते. मग नव्या बाईला काय सांगायचं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

इंदोऱ्याचा_बाप

लिहा ना. "मुलाचा अपमान होणार नाही, फीसाठी बाहेर काढलं जाणार नाही, शिकण्यात मागे पडलेल्याला आधी वेळ दिला जाईल." तीन ओळी, सरळ मराठीत. ज्याला जे नाव जोडायचं ते त्याने मनात जोडावं. मलाही तो फलक आपला वाटेल. तुमच्या फलकाखाली मी पाहुणा असतो.

सेमिनरी_हिल्स

मी कॅथोलिक शाळेत शिकवतो. आमच्याकडे कॅथोलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कुरकुर नाही. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या: इतर धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्वधर्म प्रार्थनेची खोली ठेवा. काही जणांना हे घाबरून केलेलं वाटलं. मला ते ख्रिस्ती वाटलं. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याच्यावर जबरदस्ती करत नाहीत.

दुसरं, इथे फक्त ख्रिस्ती शाळांना धारेवर धरलं जातंय. इतर शाळांमध्ये सरस्वतीपूजन होतं, पसायदान होतं, आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा वाद तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला. तिथे ख्रिस्ती किंवा बौद्ध पालकाची संमती कोण घेतं?

इंदोऱ्याचा_बाप

कोणी घेत नाही, आणि मी तिथेही हेच भांडलो असतो. दुसरा चुकतो म्हणून आपली सूट होत नाही.

निवृत्त_बाई

मेकोसाबागकर, शनिवारी एक सुचवून बघा. फलकावर येशूचं नाव राहू द्या, खाली दादांच्या तीन ओळी जशाच्या तशा लिहा. प्रवेशअर्जात संमतीचा रकाना टाका. आणि तेवढ्यावर थांबू नका, कारण रकान्यात "नाही" लिहिलेल्या सहा वर्षांच्या लेकराला प्रार्थनेच्या वेळी व्हरांड्यात एकटं बसवलं, तर ती शिक्षाच होते. मी तसं होताना पाहिलंय. परिपाठात सगळ्यांनी मिळून उद्देशिका म्हणावी, मग दोन मिनिटं मौन. ज्याला मनात जे म्हणायचं ते म्हणेल. बायबलचा तास शाळा सुटल्यावर, ज्यांच्या घरून चिठ्ठी आहे त्यांच्यासाठी.

मेकोसाबागकर

तीन ओळी आणि रकाना, दोन्ही मी स्वतः मांडेन. प्रार्थना परिपाठातून काढायला आमचे पास्टर तयार होणार नाहीत. मलाही ते जड जातं, खरं सांगतो. ज्या लेकरांच्या घरी ती रोज म्हणतात त्यांनी शाळेत ती मनातच का ठेवावी? त्यांच्यासाठीच तर ही शाळा निघाली.

तर्री_पोहा

मंग ज्याले म्हणायची त्यानं मोठ्यानं म्हणावी, ज्याले नाही त्यानं गप्प राहावं, न् बाईनं पहिल्याच दिवशी वर्गाले सांगावं की कोणी कोणाले विचारायचं नाही. माया पोरीचा प्रश्न तेवढ्यानं सुटते.

इंदोऱ्याचा_बाप

बाईंचं मौन मला मान्य आहे, तर्रीभाऊंचं नाही. साठ मुलं एका सुरात म्हणत असताना गप्प राहणं दुसरीतल्या पोराला झेपत नाही. रकाना आला तर मी "नाही" लिहीन आणि शनिवारी सभेला येईन. तीन ओळींतली फीची ओळ मात्र कोणी गाळू देऊ नका, आधी तिच्यावरच हात पडेल.