मदत हवी आहे: वेल्समधल्या पाणचक्कीवाल्या जोन्स घराण्याचा माग, गाडी १८४१ ला अडली

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधले जुने दाखले चाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. नवरा वेल्श, आडनाव जोन्स. सासऱ्यांनी त्यांच्या आजोबांकडून एवढंच ऐकलंय की आपण मूळचे टायवी नदीकाठचे, पिठाच्या पाणचक्क्या चालवणारे; खाणीत नंतर आलो.

हाती लागलेलं सांगते. १८८१ च्या जनगणनेत सासऱ्यांचे पणजोबा रॉन्डा खोऱ्यात कोळशाच्या खाणीत कामाला, जन्मगाव लँडिसुल, कार्डिगनशायर. १८५१ ला तेच सहा वर्षांचे, लँडिसुल पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग). घराचं नाव नुसतं 'वेलिन', म्हणजे चक्की. बाप जॉन, धंदा 'मिलर', जन्म नदीपलीकडच्या पेनबॉयर पॅरिशमधला, म्हणजे कारमार्थनशायर. बापाच्या वयावर तेव्हाच्या कारकुनाने मोजदाद करताना मारलेली जाड रेघ आहे. ४० वाचा नाहीतर ४६, दोन्ही वाचता येतं. पण १८४१ ला वय ३० लिहिलंय आणि त्या वर्षी पंधराच्या वरची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. ४६ असते तर तिथे ३५ लिहिलं असतं. म्हणून मी ४० धरलं.

मुलाचा जन्मदाखला मागवला. आईचं माहेरचं आडनाव डेव्हिस निघालं. घ्या आता! अर्धं कार्डिगनशायर डेव्हिस. थोरली मुलगी १८३७ च्या आगेमागे जन्मलेली, म्हणजे लग्न बहुधा सरकारी नोंदणी सुरू होण्याआधीचं (ती १ जुलै १८३७ पासून). त्यामुळे नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव तिथेही मिळायचं नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पेनबॉयरच्या चर्चच्या रजिस्टरात जुळणारे दोन बाप्तिस्मे आहेत, १८०९ आणि १८११ चा. दोन्ही बाळं जॉन. एकाचा बाप 'डेव्हिड जॉन', दुसऱ्याचा 'जॉन इव्हान'. जोन्स कुठेच नाही. त्या भागात तेव्हा बापाचं पहिलं नाव मुलाच्या मागे लागायचं. जोन्स म्हणजे 'जॉनचा', त्या हिशेबाने जॉन इव्हानचा मुलगा जोन्स झाला असणार. पण डेव्हिडच्या घरात 'जॉन' हे आडनाव म्हणून आधीच कायम झालं असेल, तर त्याचाच मुलगा पुढे जोन्स म्हणवेल. आमचा यातला कोणता, हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद (लीड्सहून)

ताई, त्या दोघांना थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्यांची धाकटी भावंडं शोधा. १८१३ पासून चर्चला बाप्तिस्म्यासाठी छापील नमुना सक्तीचा झाला. त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण हे रकानेच आहेत. तुमची दोन्ही बाळं त्याच्या जरा आधीची, म्हणून धंदा कळत नाही. दोन्ही बापांना १८१३ नंतर पोरं झाली असतील, तर एकासमोर 'मिलर' सापडेल अशी आशा. शिवाय एखाद्या भावाबहिणीचं लग्न जुलै १८३७ नंतरचं असेल, तर त्या दाखल्यावर बापाचं नाव आणि धंदा दोन्ही मिळतील.

प्रतिसाद (पुण्याहून)

जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतील का? आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत सात पिढ्या एका बैठकीत उतरवून मिळाल्या. इंग्रजांच्या राज्यात एवढी कागदपत्रं असूनही इतका त्रास?

प्रतिसाद (लीड्सहून)

स्कॉटलंडमध्ये असतात. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या माणसाच्या त्या काळच्या मृत्यूदाखल्यावर नसतात, पैसे वाया जातील.

प्रतिसाद (कार्डिफहून)

दोन शंका. पहिली, चॅपलची, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरांची. लँडिसुलच्या आसपासचा पट्टा युनिटेरियन पंथाचा (येशूला देव न मानणाऱ्या ख्रिस्तींचा) बालेकिल्ला. कडव्या विरोधकांनी त्याला 'काळा डाग' असं नाव ठेवलं होतं! घर चॅपलला जाणारं असेल, तर बाप्तिस्मा चर्चच्या रजिस्टरात असेलच असं नाही, म्हणजे तुमचा जॉन या दोघांखेरीज तिसराही असू शकतो. चॅपलांची बरीच जुनी रजिस्टरं १८३७ नंतर सरकारजमा झाली, ती लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. लग्नांची गोष्ट वेगळी. १७५४ ते १८३७ क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्चमध्येच लग्न लावावं लागे. त्यामुळे ते डेव्हिस लग्न लँडिसुलच्या चर्चमध्ये किंवा शेजारच्या पॅरिशमध्ये असायला हवं. साक्षीदारांच्या सह्या नीट बघा, भाऊ किंवा बाप असतो कधीकधी.

दुसरी, चक्की कसली? पेनबॉयरच्या बाजूला ड्रेव्हाख-वेलिंद्र आहे, लोकरीच्या गिरण्यांचं गाव. शंभर वर्षांपूर्वीच्या सहा इंची (मैलाला सहा इंच) सर्वेक्षण नकाशांवर 'कॉर्न मिल' आणि 'वूलन फॅक्टरी' असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर ते नकाशे फुकट दिसतात, वेल्सचे सुद्धा. पाण्याचा पाट नदीतून फुटून चक्कीकडे गेलेला दिसतो, बघायला मजा येते.

प्रतिसाद (धागाकर्ती)

पिठाचीच. १८५१ च्या नोंदीत पुढे 'फार्मर' असंही आहे, थोडी जमीन होती म्हणजे. युनिटेरियनचं ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "आजी चर्चचं नाव काढलं की नाक मुरडायची." हा पुरावा धरायचा का?!

प्रतिसाद (कार्डिफहून)

धरा, पण कच्चा! आता टाइथ नकाशा काढा (टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा, त्याच्या आकारणीसाठीचा नकाशा). १८३६ च्या कायद्यानंतर पॅरिशवार झाले. अॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयाने ते ऑनलाइन टाकलेत, फुकट. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि त्यासमोर मालक कोण, वहिवाटदार कोण. चक्क्या बहुतेक जमीनदाराच्या, पाणचक्कीवाला भाडेकरू. म्हणून पेनबॉयरमध्ये 'मिल' असलेला तुकडा शोधा, मालकाचं नाव घ्या आणि मग त्या घराण्याच्या भाडेवह्या. त्या बाजूला कॉडोर घराण्याची मोठी जमीन होती, त्यांचे कागद कारमार्थनच्या अभिलेखागारात आहेत. चक्कीचा भाडेकरू बदलला की नाव बदलतं, आणि बापाच्या जागी मुलगा आला तर वहीत ते दिसतंच. १८५८ च्या आधीची वेल्श मृत्युपत्रंही त्याच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर आहेत, तीही फुकट.

वंशावळीच्या साइटवर कोणी तयार झाड टाकलं असेल तर ते उचलू नका. जोन्सांची अशी झाडं मी पाहिली आहेत, आई मुलापेक्षा लहान.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आधी १८१३ नंतरची भावंडं काढते. 'जॉन इव्हान'ला १८१५ ची एक मुलगी आहे असं सूचीत दिसतंय, पण सूचीत धंदा नाही, मूळ पानाचं चित्र बघावं लागेल. इथे टाकतेच. तोवर, कारमार्थनच्या अभिलेखागारात कोणी गेलंय का? भाडेवह्या बघायला आधी वेळ ठरवावी लागते का, आणि मोबाइलने फोटो काढू देतात का?