सुपर ८ रिळे डिजिटल करायची आहेत: जुने मशीन घेताना काय तपासावे?

दांडियाबाजार_८: नमस्कार. घरात १९७० च्या दशकातली सुपर ८ ची (८ मिमी रुंद घरगुती सिनेफिल्म) १४ रिळे आहेत, सगळी ५० फुटी. दोन-तीन रेग्युलर ८ ची (त्याआधीची ८ मिमी फिल्म) आहेत. बडोद्यातच दोन वस्तू विकाऊ आहेत. एक जपानी ड्युअल प्रोजेक्टर, सोबत आरसा आणि काचेचा पडदा असलेला टेलिसिनी डबा (प्रोजेक्टरचे चित्र त्या पडद्यावर पाडून कॅमेऱ्याने टिपायचे). प्रोजेक्टरच्या पाटीवर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिले आहे. दुसरी वुल्वरीन कंपनीचा फिल्म स्कॅनर, मूव्हीमेकर प्रो. दोन्ही चालू करून दाखवणार आहेत. बघायला जाताना काय न्यावे, आणि काय दिसले तर सरळ नको म्हणावे?

गेट_आणि_क्लॉ: पाटीवरूनच बराच निकाल लागतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. एसी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते, म्हणजे सेकंदाला १८ फ्रेमच्या जागी १५, आणि तापतेही जास्त. तीन पात्यांचे शटर (प्रकाश अडवणारी फिरती चकती) असेल तर सेकंदाला ४५ उघडझाप होते. २५ फ्रेमवर लावलेल्या कॅमेऱ्यात चित्र लुकलुकणारच. आपल्याला हवे १६⅔ फ्रेम, म्हणजे तीन पात्यांनी बरोबर ५०. डीसी मोटर आणि वेग कमी-जास्त करायचे बटण असेल तरच पुढे बघा.

बल्ब पेटला म्हणून खूश होऊ नका, बल्ब बदलता येतो. मागचे झाकण उघडायला लावा. बेल्ट डांबरासारखा चिकट झाला असेल तर पुल्याही साफ कराव्या लागतात. प्लॅस्टिकच्या वर्म गिअरला तडा असेल तर तिथेच थांबा, तो भाग सहज मिळत नाही. लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर बुरशी आहे.

खरी परीक्षा गेटची, म्हणजे फिल्म लेन्समागून सरकते त्या चौकटीची. रिव्हर्सल (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या) फिल्मचा पूर्ण काळा, टाकाऊ तीन फुटी तुकडा टेपने जोडून लूप करा आणि पाच मिनिटे फिरवा. मग प्रकाशात तिरका धरा. उभी उजळ रेघ म्हणजे गेट किंवा प्रेशर प्लेट (फिल्म दाबून धरणारा पत्रा) ओरखडतेय. साठलेले इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) बांबूच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते, लोखंडी टोकाने कधीच काढू नका. साफ करूनही रेघ आली तर पत्रा झिजलाय. घरचे रीळ त्यात घालू नका. आणि डब्याचे वेगळे पैसे देऊ नका. पडद्याचा दाणा आणि मधला उजळ ठिपका दोन्ही व्हिडिओत उतरतात.

स्कॅनवाला: तुमच्या कामाला मूव्हीमेकरच बरा. फ्रेम थांबवून फोटो घेतो, त्यामुळे लुकलुकण्याचा प्रश्नच नाही. सेकंदाला दोन फ्रेम. सुपर ८ च्या ५० फुटांत ३६०० फ्रेम, म्हणजे रिळाला अर्धा तास. चौदा रिळांना सात तास धरा.

जाताना लॅपटॉप, ३२ जीबीपर्यंतचे एसडी कार्ड आणि टाकाऊ फिल्म न्या. दहा मिनिटे चालवून फाइल तिथेच बघा, मशीनच्या छोट्या पडद्यावर भरवसा नको. फ्रेमच्या कडा उड्या मारत असतील तर क्लॉ (भोकात अडकून फिल्म ओढणारा दात) झिजला आहे किंवा फिल्म दाबणारी पट्टी सैल आहे. एकाच जागी कायम राहणारा ठिपका म्हणजे सेन्सरवर धूळ. टेक-अपचे (फिल्म गुंडाळून घेणारे) चाक बोटाने अडवून सोडा. परत ओढ धरली नाही तर फिल्म मशीनच्या बाहेर गुंतते. शार्पनेस ‘लो’ ठेवा. फाइल २० फ्रेमने बनते, म्हणून एडिटिंगमध्ये सुपर ८ चा वेग ९० टक्के करा, १६ फ्रेमने काढलेल्या रेग्युलर ८ चा ८० टक्के.

दांडियाबाजार_८: आभार. दोन डबे उघडल्यावर आंबूस वास येतो. तीही चालवावीत का?

गेट_आणि_क्लॉ: तो व्हिनेगरचा वास, अॅसिटेट (फिल्मचे प्लॅस्टिक) कुजतेय. ती दोन्ही आज वेगळी ठेवा, वाफ इतरांनाही लागते. मग १०० फ्रेमची लांबी मोजा: सुपर ८ ची ४२३ मिमी, रेग्युलर ८ ची ३८१ भरायला हवी. सुपर ८ साडेतीन मिमीने कमी भरली तर क्लॉच्या कुठल्याच मशीनमध्ये घालू नका, भोके फाटतील. अशी फिल्म स्प्रॉकेट (दात्यांचे चाक) नसलेल्या स्कॅनरवरच द्यावी लागते. बाकी रिळे आधी करा, पावसाळ्यापूर्वी झाली तर उत्तम.

स्कॅनवाला: फुजीची सिंगल-८ (सुपर ८ च्याच मापाची) निघाली तर ती पॉलिएस्टर असते. वास येत नाही, तुटतही नाही. अडकली की मशीनचा दात मोडतो. फिल्म सिमेंटचा (विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाचा) जोड तिच्यावर टिकत नाही, टेपच लावा.