मदत हवी आहे: नवी बॅटरीसुद्धा उतरतेय, नक्की काय बदलू?

अर्धाचोक
बाईकला नवी बॅटरी टाकली तरी तेच रडगाणं. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. चार्जरला लावली की एक-दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा तसंच. एक मेकॅनिक म्हणतो आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, दुसरा म्हणतो कॉइल प्लेट (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल). दोन्हींचा खर्च नको आहे. कुठलं बदलायचं तेवढं सांगा, थिअरी नको. शनिवारी गाडी लागणार आहे.

मीटरवाला
गाडी कुठली, साल कुठलं? आणि व्होल्टेज किती येतं ते कुठेच लिहिलेलं नाही. तीन आकडे द्या: रात्रभर उभ्या गाडीचा, आयडलचा आणि हेडलाइट लावून ४००० आरपीएमचा. मल्टिमीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. क्लॅम्प आतून गंजलेला असला तर आकडा फसवतो.
स्थिर बॅटरी १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवं. १५ च्या वर गेलं तर बॅटरी उकळतेय.

किकमास्तर
किक असती तर हा धागा निघालाच नसता. किक काढून टाकली तिथेच सगळं बिघडलं.

धुळकट
जुनी गाडी आहे ना? मग पूर्ण वायरिंग बदला. एक जोड दुरुस्त कराल, महिन्याने दुसरा जाईल. हेडपासून टेलपर्यंत नवा हार्नेस टाका आणि मोकळे व्हा.

मीटरवाला
@धुळकट, एक आकडा हातात नसताना हार्नेस? निदान आधी करू, मग ऑपरेशन.

पायलटजेट
आयडल किती ठेवलाय? १२०० च्या खाली असेल तर कार्ब्युरेटरचा पायलट जेट उघडून साफ करा, एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा. स्टार्टिंगचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

तापलेलीकॉइल
@पायलटजेट, सेल्फ फिरतच नाहीये, पेट्रोलचा संबंध कुठे आला?

अर्धाचोक
६०० सीसी, चार सिलिंडर, १९९४. सकाळी १२.१, आयडलला १२.५, ४००० ला १२.९. झालं? आता काय मागवू?

तापलेलीकॉइल
काहीच नाही. चार्जिंग कमी आहे एवढंच कळलं, का ते नाही.
कॉइल प्लेटमधून तीन पिवळ्या वायरी येतात, त्यांचा कपलर (जोडाचा प्लग) सोडवा. इंजिन बंद ठेवून मीटर ओहमवर लावा. दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा, तिन्हींत सारखा आणि १ ओहमच्या आत आकडा यायला हवा. मग प्रत्येक पिवळी आणि इंजिनची बॉडी: इथे मीटर अजिबात हलता कामा नये. हललं तर वाइंडिंग जळून बॉडीला लागलंय.
नंतर कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करा, मीटर एसीवर. ४००० ला प्रत्येक जोडीत ५० च्या वर आणि तिन्हींत जवळजवळ सारखे व्होल्ट हवेत. एखादी जोडी निम्म्यावर आली तर कॉइल गेली. वायरींना हात लावू नका, झटका बसतो.

स्पोक३६
एवढा खटाटोप कशाला? इंजिन चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. बंद पडलं तर चार्जिंग नाही, चालू राहिलं तर आहे.

मीटरवाला
हे अजिबात करू नका! ही डायनॅमोच्या काळातली युक्ती. बॅटरी हा सर्किटमधला मोठा गादीसारखा आधार असतो. तो काढला की व्होल्टेज उसळतं आणि आरआरसोबत इग्निशन युनिटही जाऊ शकतं.

स्पोक३६
आजवर कुणाचं काही उडालेलं पाहिलं नाही.

तापलेलीकॉइल
उडतं तेव्हा लोक दोष आरआरला देतात.

अर्धाचोक
ओहम तिन्हींत ०.४, बॉडीला काही नाही. एसी ५८, ५७, ५८. म्हणजे कॉइल ठीक, आरआर गेलं. मागवतो.

मीटरवाला
थांबा, अजून एक चाचणी राहिली. सगळे कपलर परत जोडा. मीटर डीसी २० वर, इंजिन ४००० ला, हेडलाइट चालू. एक टोक आरआरच्या लाल वायरीच्या पिनेला मागच्या बाजूने घुसवा, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. तसंच आरआरची अर्थ वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह. दोन्हीकडे ०.३ च्या आत यायला हवं.
गाडीवर मूळचं नसलेलं काही लावलंय का?

अर्धाचोक
आधीच्या मालकाने दोन फॉग लाइट लावलेत, ५५ वॉटचे. त्यांचा काय संबंध? लालवर १.१ येतंय, अर्थवर ०.१.

मीटरवाला
सापडलं. १२.९ मध्ये १.१ आणि ०.१ मिळवा: १४.१. म्हणजे आरआर त्याच्या तोंडाशी बरोबर १४.१ देतंय, बॅटरीपर्यंत पोचता पोचता ते गळतंय. नवं आरआर टाकलं असतं तरी १२.९ च राहिलं असतं.
फॉगचा संबंध असा: दोन मिळून ११० वॉट, म्हणजे ८ अँपिअर जादा त्याच लाल वायरीतून जातात. १.१ व्होल्ट आणि समजा १२ अँपिअर, गुणा: १३ वॉट उष्णता. ती बहुतेक एकाच पिनवर. आरआरचा कपलर उघडून बघा.

अर्धाचोक
लाल वायरीच्या पिनपाशी प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय. पिन सैल आहे, वायर दोन बोटं आतपर्यंत काळी.

धुळकट
म्हणून म्हणत होतो, हार्नेस.

तापलेलीकॉइल
एका पिनसाठी? वायर मागे कापत जा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर नवी पिन बसवली तर पुन्हा तापणार. तुकडा जोडायचा तर ४ चौरस मिमीची वायर घ्या. पिन उघड्या बॅरलची, क्रिम्पिंग प्लायरने दाबा. साधी पक्कड नको. नवा कपलर नाही मिळाला तर वॉटरप्रूफ दोन पिनी चालेल, ३० अँपिअरचा बघा.

स्पोक३६
क्रिम्प कशाला, डाग द्या (सोल्डर करा). आयुष्यभराचं काम.

तापलेलीकॉइल
डाग दिला की शिसं वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथराटाने त्याच्या कडेला तुटतो. द्यायचाच असेल तर वायर फ्रेमला घट्ट बांधा, वर हीट श्रिंक.

स्पोक३६
आणि फॉग बंद ठेवा, कॉइलला तेवढाच आराम.

मीटरवाला
शंट प्रकारचं आरआर असेल तर तसं नसतं. उरलेला करंट ते कॉइलमध्येच शॉर्ट करून जिरवतं. लोड कमी केला म्हणून कॉइल थंड होत नाही. फॉग बंद केल्याने बॅटरी आणि लाल वायर वाचतात, कॉइल नाही.
@अर्धाचोक, जोड झाल्यावर पुन्हा तोच ड्रॉप (वायरीतली व्होल्टेजची घट) मोजा. आणि इग्निशन बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, ती आणि बॅटरी यांच्या मधे मिलिअँपिअर मीटर लावा. घड्याळ-अलार्म नसेल तर १ च्या आसपास किंवा कमी हवं. जास्त आलं तर आरआरचा कपलर सोडून बघा. आकडा पडला तर त्याचा डायोड गळतोय. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

अर्धाचोक
जोड केला. ड्रॉप ०.१५, ४००० ला बॅटरीवर १४.०. गळती ०.४.

किकमास्तर
आता किक बसवायची सोय होते का बघा.

चेनस्पॉकेट
याच धाग्यात विचारतो: इंडिकेटरला एलईडी टाकले तर चारही एकदम पेटतात. हा पण कपलर का?

मीटरवाला
नाही. गाडीच्या स्पीडोमीटरपाशी इंडिकेटरचा एकच बल्ब आहे ना? तो डाव्या-उजव्या वायरींच्या मधे असतो, त्यातून करंट पलीकडे जातो. साधे बल्ब तेवढ्यावर पेटत नाहीत, एलईडी पेटतात. डाव्या-उजव्या दोन्ही वायरींतून एकेक १एन४००७ डायोड त्या बल्बकडे, बल्बचं दुसरं टोक अर्थला. आणि रिले दोन पिनी असेल तर तीन पिनी इलेक्ट्रॉनिक टाका. जुन्याला गरम व्हायला एलईडीचा करंट पुरत नाही.