तिठ्यावरच्या एसटी थांब्याला सौर दिवा: श्रावणातही पहाटेपर्यंत टिकेल असा कुठला?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. वाडीतून घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, आलं की तिठा (तीन रस्त्यांचा नाका) लागतो, आणि तिठ्यावर चिऱ्याची जुनी निवारा शेड. पहाटेची पहिली गाडी तिथेच पकडायची. कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लावायला निघालेली म्हातारी माणसं, बंदरावर मासळी आणायला जाणाऱ्या बायका, सगळी काळोखात उभी. पावसात तर एक हात छत्रीच्या दांड्याला आणि दुसऱ्या हातात पेटवलेला मोबाईल. गाडीचे दिवे दिसले की तो हलवत राहायचं. शेडच्या आत कोण बसलंय हे ड्रायव्हरला तरी कसं दिसावं?

विजेचे खांब वाडीतच संपतात. तिथून वर लाइन ओढण्याचा खर्च आणि पुढे दर महिन्याचं बिल, दोन्ही ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर. मुंबईचं मंडळ यंदा गणपतीत पैसे द्यायला तयार आहे, म्हणून सौर दिव्याचा विषय निघाला. एकाने मोबाईलवर “३०० वॅट”चा अगदी स्वस्त दिवा दाखवलाय, पॅनल-बॅटरी सगळं एकातच. पण शेजारच्या गावात तसाच दिवा उन्हाळाभर झकास चालला आणि आषाढात मान टाकली.

शेडला लागून मोठा वड आहे. तो तोडायचा नाही, हे आधीच सांगते. दिवा कुठला घ्यावा आणि पॅनल कुठे लावावं?

देवगडचा वायरमन

ताई, मी सौर पंप आणि छतावरचे पॅनल बसवायचं काम करतो. तुमच्या प्रश्नातला “पहाटेपर्यंत” हा शब्द धरून ठेवा. दिवा संध्याकाळी सातला लागला की उद्घाटनाचे फोटो निघतात. कमी पडलेली बॅटरी संपते ती रात्री दोन-तीनला, आणि तुमची माणसं येतात पाचला. म्हणजे ज्यांच्यासाठी दिवा लावला त्यांनाच काळोख. हिशेब एप्रिलच्या उन्हावर न करता श्रावणातल्या पहाटेवर करायचा.

आधी ते ३०० वॅट निकालात काढू. त्या दिव्याच्या डोक्यावरचं पॅनल फार तर १५ वॅटचं असतं. चांगल्या उन्हात दिवसाचे ५ तास धरले तरी ७५ वॅट-तास वीज आली. दिवा खरंच ३०० वॅटचा असता तर पाव तासात विझला असता. खोक्यावरचा आकडा सोडा, पॅनल किती वॅटचं आणि बॅटरी किती वॅट-तासांची एवढंच विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढचं दुकान बघा.

तुमच्या शेडला १२ वॅटचा चांगला एलईडी भरपूर झाला. संध्याकाळी ७ ते १० पूर्ण, १० ते साडेचार ४ वॅटवर मंद, साडेचार ते साडेसहा परत पूर्ण. ३६ अधिक २६ अधिक २४ म्हणजे ८६. मध्ये कोणी आलं की सेन्सरने दिवा वाढावा, म्हणून ९० वॅट-तास धरा. हे टप्पे कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरी भरणं आणि दिवा लावणं-विझवणं सांभाळणाऱ्या यंत्रात, लावता येतात. मात्र पहाटेचा टप्पा असलेलाच कंट्रोलर मागा. काहींमध्ये रात्री एकदा मंद झालेला दिवा उजाडेपर्यंत मंदच राहतो.

सलग तीन रात्री उन्हाशिवाय काढायच्या तर २७० वॅट-तास लागतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून १२.८ व्होल्ट ३० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ती ३८४ वॅट-तासांची होते. लेड-अॅसिड स्वस्त पडते, पण झड लागली की ती आठवडाभर अर्धवटच भरते. तशी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी कायमची कमजोर होते. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेलं चालतं. कोकणात मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

पॅनल १०० वॅटचं. उन्हाळ्यात ते गरजेपेक्षा जास्त वाटेल, लोक म्हणतील पैसे वाया घालवले. म्हणू देत. रोजच्या ९० साठी गळती धरून पॅनलमधून १३० तरी यायला हवेत, आणि भरून आलेल्या दिवशी जेमतेम दीड तासाच्या उन्हाइतकं हाती लागतं.

पॅनल किती तिरपं ठेवायचं, त्या कलाबद्दलही सांगतो. अक्षांशाइतका, म्हणजे १६-१७ अंश दक्षिणेकडे कल द्या, असं सगळे सांगतात. पण अख्ख्या जून-जुलैत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो. म्हणून १० ते १५ अंश पुरे. त्याहून सपाट ठेवलं तर खालच्या पट्टीशी चिखल साचून शेवाळ धरतं.

वडाखाली पॅनल नको. झाडापासून दूर, मोकळ्या सड्यावर वेगळा खांब रोवा आणि तिथून पीव्हीसी पाइपातून ४ चौरस एमएमची तांब्याची केबल शेडपर्यंत आणा. १५ मीटरपर्यंत काही अडचण येत नाही. जागा ठरवताना डिसेंबरातली सावली ध्यानात घ्या, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि झाडाची सावली लांबवर पडते. शेडच्या पत्र्यावर मात्र पॅनल लावू नका. ३ जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते, दोन्ही वादळांत पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंय.

खाडीपलीकडचा

वायरमनदादांनी विजेचं सांगितलं, मी गंजाचं सांगतो. माझं होड्यांच्या इंजिनांचं काम, खाऱ्या वाऱ्याशी रोजची गाठ.

खांब रंगवलेला नको, हॉट डिप गॅल्वनाइज केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला घ्या. नटबोल्ट स्टेनलेसचे घ्यायचे तर ३१६ ग्रेडचे. ३०४ वर समुद्राजवळ तांबडे डाग धरतातच. पॅनलची फ्रेम अॅल्युमिनियमची असते, ती लोखंडाला थेट टेकली की खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. दोन-चार रुपयांची वस्तू आहे, पण कोणी टाकत नाही.

बॅटरी-कंट्रोलरचा डबा आयपी ६५चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा घ्या आणि केबल त्यात खालूनच शिरू दे. शिरायच्या आधी केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल, डब्यात जाणार नाही. भोकाला ग्लँड (केबलभोवती आवळायचं बूच) घट्ट बसवा, नाहीतर पहिल्या पावसाआधी मुंगळे अंड्यांसकट आत राहायला येतात आणि त्यांच्यामागून पाली. सर्किटवर आडवी मेलेली पाल मी किती डब्यांतून काढली असेल!

डबा माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर लावा, बॅटरी चोरीला जाते.

सड्यावरची

दोघांचेही मनापासून आभार. हे सगळं कागदावर उतरवून सभेत वाचून दाखवते. दिव्याचं तोंड कुठे असावं? पोरं म्हणतात रस्त्याकडे, म्हणजे गाडीला लांबून दिसेल. आणि पांढरा घ्यावा की पिवळसर?

वेळासची वाट

ताई, रस्त्याकडे तोंड अजिबात नको. पावसात तो झोत काचेवर पसरतो, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर अंधारी येते आणि त्याच्याआड उभा असलेला माणूस दिसतच नाही. दिवा छताच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेजवळ, तोंड खाली करून लावा. उजेड थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, अंगावर आणि गाडीची पायरी येते त्या जमिनीवर पडला पाहिजे. मागची भिंत आतून चुन्याने पांढरी करून घ्या. तिच्यापुढे उभा असलेला माणूस लांबूनही उठून दिसतो.

रंग पिवळसर, ३००० केल्विनचा. निळसर पांढऱ्या दिव्यावर पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे तुटून पडतात, आणि त्यांच्यामागे बेडूक नि साप बाकाखाली येतात. आमच्या मंडणगड तालुक्यात आणखी एक कारण आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावर दिवा दिसला तर समुद्र सोडून जमिनीकडे वळतात. तुमचा थांबा सड्यावर आहे, त्यामुळे तो प्रश्न तिथे नाही. पण हेच पाहून खाली किनाऱ्यालगतच्या थांब्यांवर दिवे लावायचं कोणी काढलं, तर ते आडोसा केलेले आणि मंद असावेत, एवढं तुम्हीच सभेत सांगा.

देवगडचा वायरमन

वेळासकरांशी सहमत. आणखी दोन गोष्टी, पैसे देण्याआधीच्या.

रस्ता ज्या खात्याचा आहे त्यांची खांबासाठी लेखी परवानगी घ्या आणि पॅनल पुसायचं काम ठरावात एका माणसाच्या नावाने लिहा. उन्हाळ्यात सड्यावरची तांबडी धूळ बसते, ती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली की झालं. पावसाच्या तोंडावर डब्याची ग्लँड आणि नटबोल्ट बघायचे.

दुसरं, शेवटचा हप्ता राखून ठेवा आणि बसवणाऱ्याच्या समोर परीक्षा घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असताना पॅनलवर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट दुहेरी करून बांधा, कलमांच्या नर्सरीत मिळते तीच. ताडपत्री टाकू नका. पॅनल पूर्ण झाकलं की कंट्रोलर रात्र झाली असं धरतो आणि भर दुपारी दिवा लावून बॅटरी संपवतो. शेडनेटखाली व्होल्टेज राहतं, करंट तेवढा पडतो, पावसाळी दिवसासारखाच. नेट तशीच ठेवून तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे पाचला जाऊन बघा. दिवा पूर्ण उजेडात असेल तर पैसे द्या. विझला असेल तर बॅटरी कमी क्षमतेची घातली आहे, मंदच असेल तर कंट्रोलरचा पहाटेचा टप्पा बघा; जे चुकलंय ते बदलून घ्या.